बोल्ट ढिला नव्हता

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. दर वर्षी श्रावण लागला की त्यांचा फोन येतो, "देवरावजी, यंदा गाडीच्या आवाजांवर लिहा." आणि दर वर्षी मी दुसरंच काहीतरी लिहून देतो. एकदा उन्हाळ्यात गाडी कशी जपावी यावर लिहिलं, एकदा जुनी गाडी विकत घेताना खाली वाकून काय बघावं यावर. आवाजांवर लिहिलं नाही. त्यावर लिहायला बसलो की माझ्या गॅरेजातल्या प्रभाकरबद्दल लिहावं लागेल हे मला माहीत होतं, आणि पंधरा-सोळा वर्षं मी ते टाळत आलो. या वर्षी संपादकांचा फोन यायच्या आधी मीच त्यांना फोन केला.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे कोणी अर्ध्यावर अंक ठेवून दिला तरी तेवढं वाचलेलं असेल. विजया मॅडमच्या गाडीचं पुढचं चाक जरीपटक्याच्या बाजारात दुमडलं, ते प्रभाकरने बोल्ट ढिला सोडला म्हणून नव्हे. प्रभाकरने त्या बोल्टला हातसुद्धा लावला नव्हता. चूक माझी होती आणि ती मी त्याच्या नावावर टाकली. नागपूरच्या गॅरेज लाइनमध्ये जे लोक आजही "प्रभाकर? तो बोल्ट ढिले सोडणारा?" असं विचारतात, त्यांनी या ओळी पुन्हा एकदा वाचाव्यात.

सदरहून कामठी रोडला लागताना डाव्या हाताच्या एका गल्लीत माझं गॅरेज होतं. इंजिनचं काम शहरात सगळेच करायचे. माझ्याकडे लोक यायचे ते गाडीच्या पुढच्या भागातून येणाऱ्या आवाजासाठी. ज्यांनी कधी गाडीखाली डोकावून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेलं नसतं. रस्त्याने दणका दिला की चाकाला वरखाली जाता यावं आणि वळताना डावीउजवीकडे फिरताही यावं, म्हणून मध्ये बरेच सांधे असतात. खालून एक लोखंडी आडवा हात येतो, त्याला आम्ही लोअर आर्म म्हणतो. त्या हाताच्या टोकाला बॉल जॉईंट असतो, अगदी आपल्या खांद्यासारखा. एका वाटीत पोलादी गोळी फिरते, भोवती ग्रीस, वरून रबराची टोपी. याशिवाय वितीएवढी एक कांडी असते, लिंक रॉड. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून ती असते. आणि जिथे लोखंड लोखंडाला भिडेल तिथे मध्ये रबरी बुश.

यातलं काहीही झिजलं की आवाज येतो, आणि गाडीत बसलेल्या माणसाला सगळे आवाज सारखेच वाटतात. खट्, टक्, खडखड. कोणी म्हणतं शॉकअप गेला, कोणी म्हणतं चाकच ढिलं आहे. आमच्या नागपूरचा मे महिना रबराला खातो. दुसऱ्या गावात बरीच वर्षं टिकणारा बुश इथे लवकर कडक होऊन तडकतो. पूर्वी खड्ड्यांत आवाज यायचा, आता सिमेंटचे रस्ते झाले तर दोन स्लॅबमधल्या फटींवर येतो. धंदा कमी झाला नाही, फक्त ताल बदलला.

आवाज कुठून येतो हे शोधणं म्हणजे बहुतेक वेळा भार कुठे पडला की तो येतो हे शोधणं. एक ठेकेदार आपल्या बायकोला घेऊन आले होते.

"मिस्त्री, मी एकटा असलो का गाडी चूप राहते," ते म्हणाले. "ही बाजूले बसली का आवाज चालू होते."

बाई खिडकीतून म्हणाल्या, "आयकलं का भाऊ? घरी बी हेच म्हणतात हे."

गल्ली हसली. मी हसलो नाही, कारण तक्रार अगदी नेमकी होती. मी गॅरेजमधल्या, गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो आणि बाईंना सांगितलं की तुम्ही गाडीतच बसून राहा.

"मी काहून बसू? मी का वजनाचं माप आहो?"

"बस ना वं जराशी," ठेकेदार म्हणाले, "मिस्त्री म्हणून राहिले ना."

त्या बसल्या, डाव्या अंगाला भार पडला आणि लोअर आर्मचा फाटलेला बुश मला खालून उघडा दिसला. गाडी जॅकवर उचलली असती तर तो दिसला नसता. काम झाल्यावर बाई मुद्दाम माझ्याजवळ आल्या. "सांगा यांले नीट. आवाज माहा नव्हता." मी सांगितलं. ठेकेदारांनी मान्य केलं असं मात्र मला वाटलं नाही.

अशा गोष्टींमुळे माझं नाव झालं. देवराव मिस्त्री डोळे मिटून आवाज ओळखतो, असं लोक म्हणायचे. ते अर्धं खरं होतं. डोळे मी मिटायचो, पण गाडी चालवायला दुसरा माणूस लागायचा, आणि तो माणूस प्रभाकर होता.

प्रभाकर मौद्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझ्याकडे आला तेव्हा ट्रॅक्टरचं काम करून हात तयार झालेला होता. बोलायला कमी, पण मधूनच एखादं वाक्य असं टाकायचा की आम्ही पाने खाली ठेवून हसायचो. आमची पद्धत अशी होती. तो चालवायचा, मी बाजूला बसून ऐकायचो. मी एक नियम घातला होता: चालवणाऱ्याने आधी बोलायचं नाही. त्याने "मले तर लिंक रॉड वाटते" म्हटलं की माझ्या कानाला लिंक रॉडच ऐकू येणार. नियम चांगला होता. फक्त पुढे पुढे काय झालं, मी एकदा बोललो की प्रभाकरला विचारायचं मी सोडून दिलं. आधी बोलायचं नाही, याचं बोलायचंच नाही कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात आलं असणार.

चालवणाऱ्याच्या हातात स्टेअरिंग असतं, आणि काही दोष कानाला लागत नाहीत, तळहाताला लागतात. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी कानावर नाव कमावलं होतं.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. काढलेला जुना पार्ट आम्ही गिऱ्हाइकाला दाखवून, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून डिकीत ठेवायचो. पार्ट खरंच बदलला, आणि तो खरंच खराब होता, याचा तो पुरावा. एकदा एक वकील दोन दिवसांत परत आले, की आवाज तसाच आहे. आम्ही सगळं पुन्हा खोललं आणि शेवटी प्रभाकरने डिकी उघडली. पोतं सुटून जुने रॉड आत लोळत होते. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "आरोपी पुढून सुटला, मागं येऊन बसला." त्या दिवसापासून आम्ही पोतं सुतळीने बांधायला लागलो. मला या रीतीचा अभिमान होता. याच रीतीच्या आडून मी पुढे जे केलं ते आता सांगतो.

विजया मॅडम बँकेत अधिकारी होत्या. रामदासपेठेत राहायच्या, छोटी पांढरी गाडी स्वतः चालवायच्या आणि सर्व्हिसिंग कधी चुकवायच्या नाहीत. दिवाळीच्या तोंडावर त्या आल्या. गॅरेज भरलेलं होतं, चार लोक खुर्च्यांवर बसलेले.

"हळू वळताना खट् करतं, देवरावजी," त्या म्हणाल्या. "कधी करतं, कधी नाही. तुम्हाला दाखवायला आणलं की हमखास गप्प बसतं."

प्रभाकर चालवायला बसला, मी बाजूला. रेल्वे फाटकाकडच्या उखडलेल्या रस्त्यावर डाव्या बाजूने बारीक खट्-खट् आलं. मी परत येईपर्यंत थांबलोही नाही. "लिंक रॉड," म्हणालो.

गाडी गॅरेजसमोर लावून प्रभाकर उतरला नाही. हात स्टेअरिंगवरच होते.

"उस्ताद, एक बोलू?"

"बोल."

"वळताना स्टेअरिंगमंदी काही तरी टिचून राहिलं. तळहाताले लागते. मले बॉल जॉईंटचा डाउट हाय. जॅकवर घेऊन टॉमी लावून पाहू का?"

टॉमी म्हणजे लोखंडी पहार. चाक हवेत घ्यायचं, टॉमी टायरखाली घालून वर उचलायची आणि लोअर आर्मच्या टोकाशी बघायचं. सांध्यात खेळ असेल तर डोळ्याला दिसतो. एका चहाइतकं काम. पण खुर्च्यांवरचे लोक ऐकत होते, आणि त्यातले दोघे निव्वळ माझ्या कानासाठी आले होते.

"जे माझ्या कानाला आलं नाही, ते तुझ्या तळहाताला आलं का रे?" मी मोठ्याने म्हणालो.

लोक हसले. प्रभाकरही हसला, उतरला आणि पाना घ्यायला गेला.

दोन्ही बाजूंचे लिंक रॉड त्याने काढले आणि माझ्यासमोर कागदावर ठेवले. अंगठ्याने सांधा हलवून पाहिला. हलला नाही. मीही पाहिला. दोन्ही रॉड ठणठणीत होते.

"उस्ताद, हे तर टाइट हायेत," तो हळूच म्हणाला. तेही त्याने इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं.

त्या क्षणी मी "थांब, जॅक लाव" म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हणालो, "जा, चहा सांगून ये सगळ्यांसाठी." तो गेला. मी भंगाराच्या पिंपातून एक मेलेला रॉड काढला, कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा, फडक्याने पुसला आणि कागदावर ठेवला. मॅडमच्या गाडीचे चांगले रॉड बाकाखाली सरकवले.

प्रभाकर परत आला तेव्हा मी तो रॉड मॅडमना हलवून दाखवत होतो.

"बाई, केवढं हलतंय हे," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुमच्याकडे आणली."

प्रभाकरने कागदाकडे पाहिलं. काही वेळापूर्वी जो रॉड त्याच्या हातात होता तो आणि हा, यांतला फरक ओळखायला त्याला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. मग त्याने मॅडमना चहा दिला, मला दिला आणि नवे रॉड बसवायला गाडीखाली गेला. निघताना तो रॉड त्यानेच पोत्यात बांधून डिकीत ठेवला. मी ठेव म्हणालो म्हणून.

गाडी एक चक्कर मारून आणल्यावर तो एवढंच म्हणाला, "थोडं हाय अजून."

मी मॅडमना सांगितलं, नवा रबर बसायला वेळ लागतो, काही दिवस थोडं वाजेल. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. मेकॅनिक असं म्हणाला की समजायचं, त्याला दोष सापडलेला नाही.

दिवाळी झाली. एका दुपारी मॅडमचा फोन आला, जरीपटक्याच्या बाजारातून. त्यांची आई तिथे भावाकडे राहायची, तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला त्या गेल्या होत्या. मुख्य रस्त्यावरून गल्लीत वळताना गाडी डाव्या अंगाला खाली बसली होती.

मी आणि प्रभाकर जॅक घेऊन गेलो. गर्दी जमली होती. डावं चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडलं होतं, वरचा पत्रा टायरवर टेकला होता. गाडीचा वेग अगदी कमी होता म्हणून निभावलं. कामठी रोडवर, ट्रकच्या रांगेत हे झालं असतं तर काय, हा विचार मी आजही पुरता करू शकत नाही. मॅडमच्या आई पुढे बसल्या होत्या. धक्का बसला तेव्हा त्यांनी हात डॅशबोर्डवर टेकवला आणि मनगट मोडलं. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर त्या हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कोणीतरी त्यांना पाणी देत होतं.

प्रभाकर खाली बसला, मी त्याच्या शेजारी. बॉल जॉईंटची गोळी वाटीतून उपटून बाहेर आली होती. तिचा दांडा वर आपल्या जागी पक्का होता, त्याचा बोल्टही पक्का, वर जुना गंज जसाच्या तसा. बोल्ट ढिला राहिला असता तर दांडा निसटला असता, गोळी वाटीतच राहिली असती. या कामातल्या कोणालाही ते एका नजरेत कळलं असतं. पण तिथे या कामातले आम्ही दोघेच होतो.

"देवरावजी, हे कसं झालं?" मॅडमनी वरून विचारलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या माणसाने लिंक रॉड बदलताना खालचा आर्म सोडला होता, मॅडम. बोल्ट नीट कसला नाही. ढिला राहिला."

हे वाक्य जुळवायला मला वेळ लागला नाही. भीतीने तोंडातून काहीही निघतं असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण ते काहीही नव्हतं. तो नीट रचलेला, कोणालाही पटेल असा खोटा खुलासा होता.

मॅडम प्रभाकरकडे वळल्या. रागावल्या नाहीत, तेच जड होतं. "माझी आई बसली होती रे गाडीत," त्या म्हणाल्या.

तो अजून चाकाशी बसलेला होता. हात लांब करून त्या बोल्टकडे बोट दाखवायचा अवकाश होता. त्याने माझ्याकडेही पाहिलं नाही. हात पुसले, उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं, मॅडम."

गाडीचं सगळं काम मी माझ्या खर्चाने करून दिलं. मॅडमच्या आईंना भेटायला दवाखान्यात गेलो. लोक म्हणाले, उस्ताद असावा तर असा, माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मी ते ऐकून घेतलं.

प्रभाकर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आला. मला वाटलं होतं येणार नाही, किंवा येऊन भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने शर्ट खुंटीला टांगला आणि काम मागितलं. मी त्याला ऑइल बदलायचं काम दिलं, पुढच्या चाकांचं दिलं नाही. देता येत नव्हतं, गिऱ्हाईकच म्हणायचे, "त्याच्या हातून नका करू बा." ही बातमी स्पेअर पार्टच्या दुकानातून दुसऱ्या गॅरेजांत पोचली. आमच्या धंद्यात माणूस हळू काम करतो हे चालतं, तिखट बोलतो हे चालतं, पण चाकाचा बोल्ट ढिला सोडतो ही गोष्ट एकदा चिकटली की निघत नाही. उन्हाळ्याच्या आधी त्याने काम सोडलं. शहरात चार ठिकाणी विचारून पाहिलं असं मला नंतर कळलं. त्यातल्या एका मालकाने मला फोन करून विचारलंही होतं, "कसा आहे माणूस?" मी म्हणालो, "माणूस चांगला आहे." त्याने विचारलं, "आणि हात?" मी म्हणालो, "तुम्ही ऐकलंच असेल."

हे माझं दुसरं खोटं. जरीपटक्यात मी घाबरलो होतो असं एक वेळ म्हणता येईल. फोनवर मी माझ्या खुर्चीत बसलेला होतो.

प्रभाकर कन्हानला गेला, बायकोच्या माहेरी. तिथे आधी पंपांचं काम केलं, आता ई-रिक्षा दुरुस्त करतो. दुकान बरं चालतं. त्याने काही माझ्याशी बोलणं सोडलं नाही. दिवाळीला फोन करायचा, "उस्ताद, तब्येत कशी हाय?" मी कन्हानला बरेचदा गेलो. प्रत्येक वेळी वाटेत वाक्य तयार करून जायचो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुकानात बसून बॅटऱ्यांवर बोलून परत यायचो. त्या दिवशी तू गप्प का राहिलास, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

माझ्या बचावासाठी मी एक गोष्ट पुष्कळ दिवस मनाशी धरून होतो, की बॉल जॉईंट असा अचानकही निसटू शकतो, आधी तपासला असता तरी सापडला नसता. तेही इथे खोडून टाकतो. टॉमी लावली असती तर सापडला असता. वाटी इतकी झिजलेली होती की तिचा खेळ कोणत्याही नवशिक्याला दिसला असता.

लिहायला बसण्यापूर्वी मी विजया मॅडमकडे गेलो. त्या आता निवृत्त आहेत, रामदासपेठेतच राहतात. त्यांच्या आई काही वर्षांपूर्वी गेल्या, म्हातारपणाने. मी सगळं सांगितलं, भंगारातल्या रॉडसकट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे तो रॉड आमच्या गाडीचा नव्हताच," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"मग त्याने माफी कशाची मागितली?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

"मी कितीजणांना त्याचं नाव सांगितलं असेल, देवरावजी. बँकेत सांगितलं, शेजारी सांगितलं. माझ्या तोंडून करवून घेतलंत तुम्ही ते." मग त्यांनी विचारलं, "त्याला सांगितलंत हे सगळं?"

"त्याला माहीत आहे."

"ते नाही विचारलं मी."

मी नाही म्हणालो. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, पण पुन्हा या असं काही म्हणाल्या नाहीत.

लेख छापून येईल तेव्हा प्रभाकर वाचेल की नाही माहीत नाही. पण हा अंक शहरातल्या पुष्कळ गॅरेजांत आणि पार्टच्या दुकानांत जातो हे मला माहीत आहे, आणि खोटं मी तिथेच पसरवलं होतं. म्हणून ते तिथेच मागे घेतो आहे. माफी ही वेगळी गोष्ट आहे. ती छापून देता येत नाही, तोंडाने मागावी लागते, आणि तशी संधी मला गेल्या हिवाळ्यात अगदी समोर चालून आली होती. तेवढं सांगून थांबतो.

प्रभाकरच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. त्याने फोन करून बोलावलं, "उस्ताद, तुमच्याशिवाय टिळा नाही लावत." मी माझी गाडी घेऊन सकाळीच कन्हानला पोचलो. मांडवात त्याने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि होणाऱ्या व्याह्यांना घेऊन आला. त्यांचं भंडाऱ्याला टायरचं दुकान. बोलायला मोकळा माणूस.

"हे माझे उस्ताद," प्रभाकर म्हणाला. "पुढच्या चाकाचं काम नागपुरात यांच्यासारखं कोणाचं नव्हतं. जे काही येते ते यांनीच शिकवलं."

व्याही माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. "मग एक सांगा जी मले," त्यांनी विचारलं. "इतका मोठा उस्ताद, इतका चांगला हात, आन् मग यांनी नागपूरची लाइन काहून सोडली? आमच्याकडं कोणी तरी काही तरी बोलून राहिलं होतं. मी म्हटलं, तुम्हालेच विचारतो."

त्यांच्या कानावर काय गेलं होतं ते मला कळलं. प्रभाकरलाही कळलं. तो पाण्याचे ग्लास ठेवलेलं ताट हातात घेऊन उभा होता. पलीकडे त्याची बायको बायकांना हळदीकुंकू देत होती, मुलगी दारात नव्या साडीत उभी होती. माझं वाक्य तयार होतं. इतक्या फेऱ्यांत घोटून घोटून ते पाठ झालेलं होतं.

मी म्हणालो, "त्याचं असं झालं," आणि थांबलो.

प्रभाकरने थोडा वेळ वाट पाहिली. मग ताट माझ्यापुढे धरत तो व्याह्यांना म्हणाला, "पाठ धरे ना जी माही. गाडीखाली झोपून काम होयना. मग सोडलं. उस्ताद, पाणी घ्या."

व्याह्यांनी मान हलवली, पाठीच्या दुखण्यावर त्यांच्या गावच्या एका वैद्याचं औषध सांगितलं, आणि विषय मिटला. असल्या शुभ दिवशी नको, असं मी मनाशी म्हणत होतो. ते खरं नव्हतं. त्याच दिवशी, त्याच माणसापुढे ते सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायलो.

जेवणं झाल्यावर निघालो. माझी गाडी गल्लीत, दोन गाड्यांच्या मध्ये अडकली होती आणि मागे मोठा रस्ता, ट्रकची ये-जा. प्रभाकर सोडायला आला. मी बसलो, काच खाली केली. तो खिडकीवर हात ठेवून वाकला.

"काही बोलाचं होतं काय, उस्ताद? सकाळपासून पाहून राहिलो."

मी किल्ली फिरवली. "नाही गा," म्हणालो. "मागून कोणी येते काय, तेवढं पहा."

तो मागे गेला. आरशात मला तो रस्त्याच्या मधोमध उभा दिसला, एका हाताने ट्रक थांबवत आणि दुसऱ्या हाताने मला बोलावत. "येऊ द्या," तो ओरडत होता, "येऊ द्या, उस्ताद, मी आहो मागं." मी लागेल तेवढा मागे आलो, गाडी सरळ केली आणि नागपूरच्या दिशेने निघालो.